नळाला पाणी आले की पिंप भरायचे का?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरे

सलाम. ‘रोजच्या जगण्यातून देव शिकवतो, डोळे उघडे ठेवा’ असे मी या पानावर मागे लिहिले होते. त्यावर सोलापुरातूनच एवढी पत्रे आली की या वेळचे पान सोलापूरकरांनाच देते. पत्रे जागेपुरती आटोपशीर केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, कधी त्याहूनही उशिरा. आले की मी दोन पिंपे, बादल्या, घागरी, पातेली, एवढेच काय, कुकरसुद्धा भरून ठेवते. परवा आमच्या घरी प्रार्थनासभा होती. बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 16 वा अध्याय वाचला. रानात देव रोज पुरवत असे ते अन्न म्हणजे मान्ना; इस्राएल लोकांनी साठवून ठेवलेल्या त्या मान्नात किडे पडले, तो भाग. वाचन झाल्यावर एक भगिनी माझ्या पिंपांकडे बघून म्हणाल्या, “बघा, उद्याची काळजी देवावर टाकायला शिका!” सगळे हसले. मला मात्र ते लागले. पाणी साठवणे हा खरेच अविश्वास आहे का?
— एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. पिंप भरा, वर झाकण ठेवा आणि मनातली टोचणी काढून टाका.

तो अध्याय पुन्हा एकदा, घाई न करता वाचा. मान्ना सकाळपर्यंत ठेवू नका ही आज्ञा त्या अन्नापुरती होती. त्यातही शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितले होते, आणि ते ठेवलेले मुळीच नासले नाही. अध्यायाच्या शेवटी तर मोशे अहरोनाला एक ओमर (त्या काळचे एक माप) मान्ना भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायला सांगतो. म्हणजे साठवण्यावर देवाचा राग होता, असे त्या अध्यायातून निघत नाही. उत्पत्तीच्या 41 व्या अध्यायातला योसेफ पाहा. सुकाळाच्या 7 वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत घालण्याचा बेत मिसरचा राजा फारो याच्यापुढे मांडला आणि मोजता येणार नाही इतके धान्य साठवले. त्याला कोणी अविश्वासी म्हणत नाही, उलट देवाचा आत्मा ज्याच्यात आहे असा माणूस म्हणतात. तुम्ही कुकरात पाणी भरून ठेवता ती त्याच जातीची तजवीज आहे. उजनी धरणाचे पाणी पाइपातून शंभरावर किलोमीटर येते, टाकळीचे आणि हिप्परग्याचे वेगळे, आणि मध्ये कुठे पाइप फुटला की पुढचा रोटेशनचा दिवस आणखी लांबतो. हे ज्या बाईला माहीत आहे तिने भांडी रिकामी ठेवून बसायचे, असे शास्त्र (बायबल) सांगत नाही.

आता त्या अध्यायात तुमच्या नळाविषयी काहीच नाही का? आहे, पण ते 18 व्या वचनात आहे आणि सभेत बहुधा त्याच्यावरून पुढे गेले असतील. ओमराने मोजून पाहिले तेव्हा ज्याने फार गोळा केले होते त्याला जास्त झाले नाही आणि ज्याने थोडे केले होते त्याला कमी पडले नाही. यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, नेमके हेच वचन काढून दाखवले (2 करिंथ 8:15). एकाची विपुलता दुसऱ्याची उणीव भरून काढो, समानता व्हावी, असे त्याला म्हणायचे होते. पौलाला मान्नाची गोष्ट आठवली ती शेजाऱ्याच्या भांड्याकडे बघताना.

तुमच्या गल्लीत पाणी सुटते तेव्हा दारात उभ्या राहून बघा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काय होते? कोणीतरी नळाच्या लाइनलाच मोटार जोडतो. ती ओढायला लागली की गल्लीच्या टोकाच्या घरातला नळ नुसता फुसफुसतो, हवा येते, पाणी येत नाही. लाइनमधला दाब इतका उतरतो की पाइपाला कुठे भेग असेल तर बाहेरचे गटाराचे पाणी आत ओढले जाते आणि मग गल्लीभर पोरांची पोटे बिघडतात. तुमच्या पत्रात मोटारीचा उल्लेख नाही, त्यामुळे हा ठपका तुमच्यावर नाही. पण 18 वे वचन सोलापुरात वाचायचे तर असे वाचावे लागेल. तुमची भांडी भरली की नळाची तोटी बंद करा, अंगण धुवायला ती उघडी ठेवू नका. टोकाच्या घरात कोण राहते ते ठाऊक नसेल तर एकदा जाऊन या.

आणखी एक सांगते, कारण हे मी घरोघर बघते. नवे पाणी आले की जुने ‘शिळे झाले’ म्हणून मोरीत ओतून देतात. झाकून ठेवलेले पाणी चार दिवसांत शिळे होत नाही. ते लादी पुसायला, कुंड्यांना, संडासाला वापरा. मात्र पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा आणि कोरडे होऊ द्या. उघड्या पिंपात डासांच्या अळ्या होतात आणि आठवड्याभरात त्यांचे डास होऊन डेंगी पसरते. किड्यांची भीती बाळगायचीच तर ती इथे बाळगा.

राहिल्या त्या भगिनी. त्यांचे बोलणे मनात धरू नका. पण एक लक्षात ठेवण्यासारखे आहे. नीतिसूत्रांच्या 24 व्या अध्यायात शहाणा माणूस आळशाच्या शेतावरून जातो. काटे माजलेले, दगडी कुंपण पडलेले. तो ते पाहतो, विचार करतो आणि स्वतः बोध घेतो. आळशाचे दार ठोठावून त्याला ‘बघ बघ’ म्हणत नाही. रोजच्या गोष्टींतून शिकण्याची शास्त्रातली याहून चांगली रीत मला माहीत नाही. ज्याने पाहिले त्याने घ्यावे. दुसऱ्याच्या पिंपावर नेऊन चिकटवू नये.

प्रश्न : माझा यंत्रमागाचा धंदा आहे, चादरीचा. आमच्या मंडळीत बाहेरगावचे एक वक्ते आले होते. त्यांनी दाखला दिला : आपले आयुष्य म्हणजे विणलेले कापड, आपण खालून बघतो म्हणून नुसत्या गाठी आणि लोंबते धागे दिसतात, देव वरून बघतो, त्याला नक्षी दिसते. सगळ्यांना फार आवडले. मला काही पटेना. आमच्या चादरीला तशी उलटी बाजू नसतेच! ताई, मी उगाच खोड काढतो आहे का? आणि आम्हा मागवाल्यांसाठी शास्त्रात काही आहे का?
— मागवाले बंधू, अशोक चौक

उत्तर : तुम्ही खोड काढत नाही आहात. तुम्ही चादर पाहिली आहे. वक्त्यांनी बहुधा भरतकाम डोळ्यांपुढे ठेवले असावे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोलापूरच्या जेकार्ड चादरीत दोन रंगांचे थर एकमेकांत गुंफलेले असतात. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरे फूल असेल तर चादर उलटली की पांढऱ्या जमिनीवर लाल फूल. दोन्ही अंगांनी वापरा. इथल्या आज्या उन्हाळ्यात एक बाजू वर घालायच्या आणि पाहुणे आले की दुसरी. गाठी-धाग्यांचा तो दाखला अशा आजीपुढे उभा राहत नाही. आणि तो शास्त्रात कुठे नाहीही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे, दुःखी माणसाला त्यातून धीर मिळाला असेल तर तो मी काढून घेणार नाही. पण दाखला ज्या कामावरून घ्यायचा ते काम आधी नीट बघावे, एवढे तरी त्या कामाचे देणे लागतेच. येशूचे दाखले बघा. मार्कच्या 4 थ्या अध्यायातला शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मंगळवेढ्याचा ज्वारीवाला हे ऐकून ‘हो, असेच’ म्हणेल. त्यात एक शब्द खोटा नाही.

आता मागाविषयी शास्त्रात काय आहे ते सांगते, पण ते गोड नाही. सर्वस्व गमावलेला ईयोब म्हणतो, माझे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने जातात आणि आशेवाचून सरतात (7:6). धोटा, म्हणजे आडवे सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो, माहीत असलेल्यालाच हे समजते. साध्या मागावरचा धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो, डोळा त्याच्या मागे जाऊच शकत नाही, फक्त खटाखट ऐकू येते. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा म्हणाला, विणकर कापड गुंडाळतो तसे मी माझे आयुष्य गुंडाळले, त्याने मला मागावरून कापून टाकले (यशया 38:12). त्याला पुढे 15 वर्षे वाढवून मिळाली, पण ते वाक्य त्याने आपल्या लिखाणात तसेच ठेवले. दोघांनाही मागाकडे पाहून सांत्वन सुचले नाही, वेळ सुचली, कात्री सुचली. मला हे फार मोलाचे वाटते. देवापुढे माणसाने आपल्या कामाच्या भाषेत रडले तरी चालते, शेवटी नक्षी दाखवलीच पाहिजे अशी सक्ती नाही.

पौल तर स्वतः राहुट्या करणारा. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तो हाच धंदा करत होता (प्रे. कृत्ये 18:3). त्याच करिंथकरांना तो लिहितो की हे शरीर म्हणजे राहुटी, ती एक दिवस मोडणार, आणि आत राहून आपण कण्हतो आहोत. राहुटी किती दिवस टिकते हे शिवणाऱ्याला चांगले ठाऊक असते. गिऱ्हाइकाला ‘जन्मभर जाईल’ म्हणून सांगावे तसे त्याने काही सांगितले नाही.

माझे वडील मिलमध्ये मागावर होते. ताण्याची (उभ्या सुताची) एक तार तुटली की माग थांबवायचा, तुटलेले टोक शोधायचे, त्याला जोडसूत बांधायचे, गाठ इतकी बारीक की फणीत अडकू नये, मग ते वईच्या डोळ्यातून, फणीच्या नेमक्या घरातून ओढून घ्यायचे आणि माग पुन्हा सोडायचा. काम कापडावर, म्हणजे जितके वार तितका पैसा, आणि थांबलेला माग पैसा देत नाही. एक तार तशीच सोडली तर त्या क्षणी कोणालाही दिसत नाही. पण कापडात उभी रेघ पडत जाते, आणि तपासणीच्या टेबलावर दिव्यापुढे धरले की ती अथपासून इतिपर्यंत दिसते. घरी आल्यावर ते अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत असायचे, सवयच झाली होती. ‘जो अगदी थोड्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू’ (लूक 16:10) हे वचन मी शब्बाथशाळेत कितीतरी वेळा शिकवले. शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे तीच दोन बोटे असायची. तुमच्या डोळ्यांपुढे काय येते ते तुम्हीच शोधा, माग तुमच्याजवळ आहे.

प्रश्न : माझ्या बहिणीचा 19 वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. मातीनंतर घरी प्रार्थनेला आलेल्यांपैकी एक जण म्हणाले, “माळी बागेतले सर्वांत सुंदर फूलच तोडतो.” दुसरे म्हणाले, “यातून आपल्या तरुणांनी धडा घ्यावा अशी देवाची योजना आहे.” तेव्हापासून बहीण उपासनेला येत नाही. मी तिला काय समजावू?
— एक मामा, होटगी रोड

उत्तर : तिला काहीही समजावू नका.

यरुशलेमातला शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसे मेली होती. लोक येशूभोवती जमले तेव्हा त्यानेच तो विषय काढला. येशूने विचारले, ते यरुशलेमातल्या इतर सगळ्यांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हांला वाटते काय? आणि स्वतःच उत्तर दिले : नाही (लूक 13). पुढे तो पश्चात्तापाविषयी बोलला हे खरे, पण ते समोर उभे असलेल्यांना, त्यांच्या स्वतःविषयी. मेलेल्यांच्या आयांना त्याने काही शिकवले नाही. पक्ष्यांवरून, फुलांवरून, खमिरावरून, हरवलेल्या नाण्यावरून शिकवणारा आपला गुरू पडलेल्या बुरुजापाशी आला तेव्हा मेलेल्यांच्या नावे त्याने धडा काढला नाही. ज्यांनी तुमच्या बहिणीच्या घरी बसून धडा काढला त्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे होते. माळ्याने फूल तोडल्याचे ते वाक्य शास्त्रात कुठेही नाही. मुलाच्या आईला ते ऐकवणे क्रूर आहे, आणि मी हा शब्द विचार करून वापरते आहे.

ईयोबाचे मित्र आले तेव्हा 7 दिवस आणि 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोलले नाही. तोवर त्यांचे ठीक चालले होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि एकेक करून कारणे सांगू लागले. शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर संतापतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असे म्हणतो. ईयोब काय बोलला होता? तक्रार केली होती. जन्मदिवसाला शाप दिला होता.

मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होते, तरी रडला.

म्हणून तुम्ही करायचे ते असे. पहिल्या आठवड्यात घरोघरून डबे येतात, मग माणसे यायची थांबतात. तुम्ही थांबू नका. भाकरी, आमटी, शेंगाचटणी, जे घरात असेल ते घेऊन जा आणि तिच्याबरोबर जेवा. भाच्याचे नाव घ्या. लोकांना वाटते नाव घेतले की आईला त्रास होईल. बहुतेक आयांना नाव ऐकू येईनासे झाल्याचाच त्रास अधिक होतो. प्रेषितांची कृत्ये 9 मध्ये टबीथा नावाची शिष्या मेली तेव्हा विधवा बाया प्रेषित पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे, वस्त्रे काढून त्याला दाखवू लागल्या. पेत्राने त्यांना ‘पुरे’ म्हटले नाही, प्रवचन दिले नाही. ती वस्त्रे त्याने पाहिली, मग सगळ्यांना बाहेर पाठवून गुडघे टेकले. तुमच्या बहिणीने मुलाचे शर्ट, मोबाइलमधले फोटो, दहावीचे प्रमाणपत्र काढले तर तुम्ही बघा. दहाव्यांदा काढले तरी बघा.

उपासनेचे म्हणाल, तर ती यायला तयार होईल त्या रविवारी तुम्ही तिच्याबरोबर शेवटच्या बाकावर बसा. आधी पाळकसाहेबांना जाऊन सांगा की दारात कोणी तिला गाठून साक्ष मागू नये. ती मध्येच उठली तर तुम्हीही उठा. आणि ती येणार नसेल तर नाही येणार. प्रभू होटगी रोडलाही जातो.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. माझा जवळचा मित्र गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत नंदीध्वजाच्या (मानाच्या उंच काठीच्या) मिरवणुकीत असतो. या वर्षी त्याच्यासाठी म्हणून मी बघायला गेलो. ते बघताना माझ्या मनात भक्तीविषयी, शिस्तीविषयी बरेच विचार आले. युवक संघात याच्यावर बोलू का? काही जण म्हणतात, आपण ख्रिस्ती लोकांनी तिथून बोध घ्यायचा नसतो.
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : येशूने शताधिपतीकडे, म्हणजे शंभर शिपायांवरच्या परक्या अधिकाऱ्याकडे, बघून म्हटले, एवढा विश्वास मला इस्राएलात कोणाच्या ठायी आढळला नाही. नासरेथच्या सभास्थानात त्याने सारफथची विधवा आणि अरामी नामान या इस्राएलाबाहेरच्या दोघांची आठवण काढली, तेव्हा त्याच्याच गावचे लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले. तेव्हा कुठून शिकावे यावर कुंपण घालणाऱ्यांना घाबरू नकोस.

पण मनात ‘बरेच विचार आले’ एवढ्यावर बोलायला उभा राहू नकोस. तू काय पाहिलेस ते मित्राला विचारून पक्के कर. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांना तैलाभिषेक, हे सगळे सोलापूरकराला दिसते. न दिसणारे मित्राकडून कळेल. एवढी उंच काठी गर्दीतून उभी ठेवून चालताना नजर कुठे असते? सराव कधी सुरू होतो? त्याच्या घरात हा मान कोणाकडून त्याच्याकडे आला? एक जण दमला तर काठी दुसऱ्याच्या हातात कशी जाते? त्याच्यासाठी ती उपासना आहे. तिला आपल्या भाषणातले उदाहरण करण्याआधी त्याच्या तोंडून ती ऐकून घे, आणि युवक संघात जे बोलणार ते आधी त्याला वाचून दाखव. त्याला एखादे वाक्य खटकले तर ते काढ. चालत असेल तर त्यालाच बोलावून घे, नाताळला तुमच्या घरी फराळाला येत असेलच की.